साडेतीनचा गोंधळ

हे प्रकरण आमच्याच हातून घडलेलं. मंडळ, गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदललेत किंवा गाळलेत. तारखा आणि वेळा मात्र जशाच्या तशा ठेवल्यात, कारण आमची गाडी घसरली ती वेळेवरच.

पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या एका शहरातलं मराठी मंडळ नवरात्रात दरवर्षी भोंडला घालतं आणि बाहेरून एखादा कार्यक्रम बोलावतं. 2020 साली हॉलला कुलूप होतं. माझी धाकटी बहीण तिथल्या समितीवर आहे. सप्टेंबरात तिचा फोन आला. मुलं दिवसभर स्क्रीनसमोरच असतात, त्यात आणखी एक नाचगाण्याचा व्हिडिओ नको. कुणीतरी माणूस समोर बसून गोष्ट सांगणारा हवा, आपल्याकडची गोष्ट, आणि त्याच क्षणी घडणारी.

मी पुण्यात असते. बऱ्याच वर्षांपूर्वी चुलतभावाच्या लग्नानंतर आमच्या घरी गोंधळ घातला होता. ती पार्टी मराठवाड्यातली. तिच्या म्होरक्याचा, म्हणजे नाईकांचा, नंबर काकूच्या जुन्या डायरीत निघाला, आणि तो अजून चालू होता. आम्ही त्यांना तेव्हाही बापू म्हणायचो, इथेही बापूच म्हणते.

ज्यांनी गोंधळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तांदळाचा चौक मांडतात, घट बसवतात, दिवटी पेटवतात. मग देवतांना नावानिशी बोलावणं जातं: तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, गोंधळाला या. हा पूर्वरंग. उत्तररंगात आख्यान. नाईक कथा सांगतो, गातो, मध्येच दोन माणसांचे आवाज काढतो. साथीदार त्याला वेड घेऊन पेडगावचे प्रश्न विचारतो. संबळ, तुणतुणं आणि झांज कथेला पुढे ढकलत राहतात. घरच्या अंगणात हे रात्रभर चालतं.

त्या वर्षी गोंधळ्यांचे हाल होते. लग्नं पन्नास माणसांत उरकली जात होती, त्यात गोंधळाची सुपारी कोण देणार? नवरात्रात तुळजापूरचं देऊळसुद्धा भाविकांना बंद होतं. राज्यातली देवळं उघडली ती 16 नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. बापूंनी संबळ खुंटीला टांगला होता आणि रोजानं सोयाबीन काढायला जात होते. ऑक्टोबरच्या मध्याला जो पाऊस झाला त्यात ते सोयाबीनही गेलं.

तीन शनिवार ठरले: 17, 24 आणि 31 ऑक्टोबर. वेळ इंग्लंडची दुपारी साडेतीन, म्हणजे आपले रात्रीचे आठ. प्रत्येक कार्यक्रम सव्वा तासाचा. पार्टी चार जणांची, बिदागी दर खेपेला आठ हजार, अर्धी आधी. पैसे द्यायचा मार्ग सुरुवातीलाच पक्का केला: मंडळ बहिणीला देणार, ती तिच्या इथल्या खात्यातून बापूंच्या मुलाला. एवढी एक गोष्ट आम्ही पहिल्या दिवसापासून नीट केली.

पहिला निर्णय: हा गोंधळ की नुसती गोष्ट

समितीचं म्हणणं होतं, पूजेचा भाग गाळावा. मुलांना कळणार नाही, वेळ जाईल, शिवाय 'ऑनलाइन पूजा' कशी दिसेल? मलाही ते पटलं होतं. बापूंना विचारलं तर ते फोनवर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ताई, चौक मांडल्याबिगर मी संबळाला हात लावत नसतो. तुम्ही बघा नका बघू, तो आमचा आम्ही मांडतो."

शेवटी असं ठरलं की चौक आणि आवाहन ते आठच्या आधी करतील, ज्याला बघायचं त्यानं लवकर यावं. पहिल्या दिवशी पावणेआठलाच निम्म्याहून जास्त घरं येऊन बसली होती. आमचा अंदाज साफ चुकला. मुलांना नंतरच्या कथेपेक्षा दिवटीवर तेल ओततात तो भाग जास्त लक्षात राहिला. 'कळणार नाही' हे मोठी माणसं स्वतःच्या वतीनं बोलत होती.

अडचण

17 तारखेला रेणुकेची कथा होती. जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुराम आईचं शिर उडवतो आणि मग वडिलांकडून वर म्हणून तिलाच परत मागून घेतो. साठेक खिडक्या उघड्या होत्या आणि सगळ्यांचे माइक आम्ही बंद ठेवले होते.

दहा-बारा मिनिटांत बापू थांबले. लय मोडून, संबळवाल्याला हातानं थोपवून, फोनकडे वाकले. त्यांचं कपाळ आणि कवड्यांची माळ एवढंच पडद्यावर भरलं. "ताई, हाय का कुणी तिकडं?"

मी घाईघाईनं माइक उघडून सांगितलं की सगळे आहेत, सगळे ऐकतायत. कुणीतरी अंगठा दाखवला. बापूंच्या मुलानं तो त्यांना दाखवला असावा, कारण ते म्हणाले, "हे पिवळं काय?" सगळे हसले, पण बंद माइकमागे. बापूंपर्यंत काहीच पोचलं नाही. त्यांनी कथा पुढे नेली, पण जशी पोस्टातली तार वाचावी तशी. सव्वा तासाचं आख्यान पन्नास मिनिटांत संपलं.

नंतर फोनवर त्यांनी नीट सांगितलं. गोष्ट सांगायला हुंकार लागतो. मी म्हटलं, तुमचा साथीदार आहे की 'जी जी' म्हणायला. ते म्हणाले, "त्यो पगारी हुंकार. ऐकणाराचा येगळा." कुठे लांबवायचं, कुठे आवरायचं, बाई डोळे पुसतेय की पोरगं पेंगतंय, हे त्यांना हुंकारावरून कळतं. ते कळलं नाही तर त्यांच्या लेखी आख्यान घरातल्या भिंतीला सांगितल्यासारखं.

दुसरी अडचण आवाजाची. बहीण म्हणाली, माणूस छान बोलतो, पण संबळ मधूनच गायब होतो आणि तुणतुणं तर वाजतच नव्हतं. तुणतुणं अख्खा वेळ वाजत होतं. व्हिडिओ कॉलची ॲप्स माणसाचं बोलणं पुढे पाठवण्यासाठी बनवलेली असतात. एकसुरी चालणारा आवाज म्हणजे पंखा, आणि अचानक बसणारे ठोके म्हणजे शेजारच्यांची ठोकाठोक, असं ती धरून चालतात आणि दोन्ही गाळतात. तुणतुणं पंख्यात गेलं, संबळ ठोकाठोकीत.

तिसरी अडचण आमच्याच उत्साहातून आली. मराठी कमी कळणाऱ्या मुलांसाठी एक काकू चॅटमध्ये इंग्रजीत सारांश टाकत होत्या. त्यांना कथा ठाऊक, बापू सावकाश. रेणुका पुन्हा जिवंत होते हे मुलांनी वाचलं तेव्हा बापूंच्या अंगणात परशुराम अजून परशूच उचलत होता.

पर्याय

सारांश बंद करायला चर्चा लागली नाही. कथेचा आराखडा आदल्या दिवशी पालकांना पाठवायचा, शेवट सोडून, एवढं ठरलं. आवाजासाठी ॲपच्या सेटिंगमध्ये मूळ आवाज न गाळता पाठवायची सोय सापडली. बापूंच्या मुलाला ती फोनवरून समजावताना माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. आणि हजाराच्या आतला एक वायरवाला कॉलर माइक कुरियरनं पाठवला. आधी फोन जवळ ठेवला तर हात दिसत नसत आणि लांब ठेवला तर आवाज जाई. माइक आल्यावर फोन आठ फुटांवर नेता आला.

हुंकाराचं काय करायचं, यावर मात्र तीन दिवस गेले.

सगळ्यांचे माइक उघडे ठेवायचे, असं एक मत होतं. आम्ही आठ घरं घेऊन करून पाहिलं. दोन घोळ झाले. ॲप एका वेळी एकाचाच आवाज ठळक पुढे सोडतं. इकडे कुणी 'हूं' म्हटलं की तिकडे बापूंचा आवाज बसायचा, म्हणजे हुंकारच कथा गिळायचा. शिवाय आवाज जाऊन परत यायला अर्धा सेकंद तरी लागत होता. बापूंना हुंकार ऐकू येईपर्यंत ते पुढच्या ओळीवर असत. टाळ्या धरायला लावल्या तर झांजवाला वेडाच झाला.

दुसरं मत, तीनच घरं निवडायची, हेडफोन लावून, बाकीचे बंद. हे शक्य होतं. तिसरं, हुंकार चॅटमध्ये लिहायचा आणि बापूंच्या मुलानं वाचून दाखवायचा. हे सुचवणाऱ्यानं आयुष्यात कधी गोष्ट सांगितली नसावी. चौथं मत माझं होतं आणि आता लाज वाटते: बापूंनी आधीच रेकॉर्ड करून द्यावं, आपण सगळे एकत्र बसून बघू. आवाज स्वच्छ, अडचण शून्य. पण मग जे हवं म्हणून हा सगळा खटाटोप केला तेच हातचं जाणार होतं. बहिणीनं एका वाक्यात तो पर्याय उडवला: "मग युट्यूब काय वाईट आहे?"

तीन घरांवर शिक्कामोर्तब झालं. एक आजी, एक बारा वर्षांची मुलगी, आणि एक गृहस्थ ज्यांचा आवाज मोठा आहे म्हणून.

काय केलं

24 तारखेला, अष्टमीच्या दिवशी, हरिश्चंद्राचं आख्यान झालं. संबळ ऐकू आला. चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, 'अरे, हे वाद्य पण होतं का?' निवडलेल्या तिघांपैकी मोठ्या आवाजाचे गृहस्थ अतिउत्साही निघाले, प्रत्येक ओळीला 'वा वा' करायला लागले. बापूंची कथा दर वेळी कापली जायची. दहा मिनिटांत त्यांचा माइक मला हळूच बंद करावा लागला. मुलगी लाजून गप्प. उरल्या आजी. त्यांनी मात्र अख्खं आख्यान तोललं. तारामती मुलाचं प्रेत घेऊन स्मशानात येते तिथे त्यांचा एकच लांब 'अगं बाई गं' आला, अर्धा सेकंद उशिरा, आणि बापू त्या उशिरासाठी थांबले. तोपर्यंत त्यांनी तो उशीर अंगवळणी पाडून घेतला होता. हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं.

त्या दिवशीचा सगळ्यात रंगलेला भाग वेगळाच. आख्यानाआधी बापूंनी करपल्लवी दाखवली. गोंधळ्यांची ही बोटांची भाषा आहे: आधी हाताच्या खुणेनं वर्ग दाखवायचा, क-वर्ग, च-वर्ग, मग त्या वर्गातलं कितवं अक्षर ते बोटांनी. बापू फोनकडे पाठ करून बसले. मुलांनी चॅटमध्ये नाव लिहायचं, साथीदारानं ते फोनवर वाचून समोर बसलेल्या बापूंना तोंडातून शब्द न काढता बोटांनी सांगायचं. आरव झालं, ईशान झालं. मग एका घरी खेळायला आलेल्या शेजारच्या मुलीचं नाव आलं, झोई. साथीदार क्षणभर अडला. मग च-वर्ग, चार बोटं. बापूंनी 'झोई' बरोबर ओळखलं आणि विचारलं, "ही कुठली देवी?" त्या मुलीला मराठीचं अक्षर येत नव्हतं. ती पुढच्या शनिवारी परत आली.

करपल्लवी पडद्यावर अंगणातल्यापेक्षाही चांगली दिसते, कारण प्रत्येकाला बोटं जवळून दिसतात. पुढे कुणी असा कार्यक्रम ठरवत असेल तर ती सुरुवातीलाच ठेवावी. हुंकार नसला तरी चालणारा तो एकच भाग आहे.

रेकॉर्डिंगचा निर्णय

यात आमची चूक सरळ होती. पहिला कार्यक्रम आम्ही रेकॉर्ड केला आणि मंडळाच्या चॅनेलवर टाकला. बापूंना 'रेकॉर्ड होतंय' एवढं सांगितलं होतं, 'जगाला दिसेल' हे नाही. पाच दिवसांनी त्यांच्या पुतण्यानं तो व्हिडिओ त्यांना दाखवला.

बापूंनी आवाज चढवला नाही. दोन गोष्टी म्हणाले. एक, तो पन्नास मिनिटांचा, भिंतीला सांगितलेला गोंधळ त्यांच्या नावानं राहणार. दोन, "उद्या लग्नात आम्हाला कोन बोलावील? मोबाइल लावतील." पहिल्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्यावर समितीत वाद झाला. एकाचं म्हणणं, व्हिडिओमुळे उलट चार कामं मिळतील. मिळतीलही. पण तो जुगार कुणाच्या पोटावर खेळायचा हे ठरवणारे आम्ही नव्हतो.

व्हिडिओ त्याच रात्री काढला. पुढच्या दोन्ही वेळी रेकॉर्डिंग बापूंकडे गेलं, आणि नाव नोंदवलेल्या घरांना ते सात दिवस पाहायला मिळालं. मंडळाकडे प्रत ठेवलेली नाही. समितीतल्या काहींना ते अजून खटकतं.

तिसरा शनिवार

त्याआधी आणखी एक तंटा झाला. 31 तारखेला बापू जांभूळ आख्यान सांगणार होते. विठ्ठल उमप यांच्यामुळे ते पुष्कळांना ठाऊक आहे. कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात येतं, हा सहावा असता तर. कृष्णाला ते कळतं. वनात भीम एक जांभूळ तोडतो, आणि ते निघतं एका ऋषीच्या रोजच्या आहाराचं. शाप टाळायचा तर फळ पुन्हा देठाला लागलं पाहिजे, आणि त्यासाठी प्रत्येकानं मनातलं खरं सांगायचं. एकेकाच्या खऱ्यासरशी जांभूळ वर चढत जातं.

एका पालकांची मेल आली: नवरात्र नुकतंच संपलंय, द्रौपदीची अशी बदनामी मुलांसमोर नको. समितीत तीन सूर होते: आख्यान बदला, पोस्टरवर वयाची अट टाका, काहीच करू नका. मी बापूंना विचारलं. ते म्हणाले, आमच्यात ही कथा बायकाच मागतात. आम्ही आख्यान बदललं नाही, पोस्टरवर 'दहा वर्षांवरील' असं टाकलं. ती अट फुकट होती. सहा वर्षांची मुलंही आली, आणि त्यांना फक्त जांभूळ हवेत चढतंय याच्याशी देणंघेणं होतं.

या वादात गुंतल्यामुळे असेल, 25 ऑक्टोबरला इंग्लंडची घड्याळं एक तास मागे गेली हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पोस्टरवर साडेतीनच होते. पण आता साडेतीन म्हणजे आपले आठ नव्हे, नऊ. बापू पावणेआठलाच चौक मांडून, दिवटी पेटवून बसले. मी आठला जोडले गेले तर पलीकडे कुणी नाही. बहिणीला फोन केला, ती स्वयंपाकघरात. "अजून तास आहे की गं!"

मी बापूंना काय सांगू कळेना. पेटलेली दिवटी विझवून तासाभरानं पुन्हा लावा, हे सांगायची माझी हिंमत नव्हती. तेच म्हणाले, राहू द्या, तेल घालतो. चांदणं लख्ख होतं, कोजागिरीची दुसरी रात्र. संबळाचे दोन-चार ठोके गेले तसे शेजारचे लोक अंगणात यायला लागले. आधीचे दोन शनिवार सोडले तर सात-आठ महिने गावात संबळ वाजला नव्हता. तोंडाला रुमाल, पदर, बऱ्यापैकी अंतर राखून बारा-पंधरा माणसं बसली. तेव्हाच्या नियमांत ते कितपत बसत होतं, यावर माझं मन अजून साशंक आहे. उघड्यावर होतं, एवढंच म्हणते.

नऊ वाजता इंग्लंडमधली घरं आली तेव्हा अंगण भरलेलं होतं. आम्ही कुणाचाच माइक उघडला नाही, आजींचासुद्धा नाही. गरजच पडली नाही. बापूंनी फोनकडे फारसं पाहिलंच नाही. ते अंगणातल्या बायकांना सांगत होते आणि अधूनमधून मान वळवून पडद्यातल्यांना साक्षीला घेत होते: "काय हो विलायतवाले?" अर्जुनाच्या वेळी जांभूळ थोडं चढलं आणि अडलं. मग द्रौपदी. बापूंनी संबळ थांबवला. अंगणातून एका म्हातारीचा आवाज आला, माइकपासून लांबचा: "सांग बाई, सांगून टाक." इकडे साठ घरांत शांतता होती, पण ती पहिल्या दिवसासारखी नव्हती. बहीण म्हणते, तिची मुलगी कुजबुजत 'सांग ना' म्हणत होती.

सव्वा तास ठरलेला, पावणेदोन तास चाललं.

निष्पत्ती

तिन्ही वेळची बिदागी पोचती झाली. शिवाय प्रेक्षकांनी ओवाळणी म्हणून जे दिलं ते आम्ही मोजून पाठवलं. ते दोन कार्यक्रमांच्या बिदागीपेक्षा जास्त भरलं. मेल पाठवणारे पालक शेवटपर्यंत बसले होते. नंतर त्यांनी काही कळवलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आज करायचं झालं तर

कराराचा एक साधा कागद आधी करू: रेकॉर्डिंग कुणाचं, किती दिवस, कुठे. पोस्टरवर दोन्हीकडच्या वेळा टाकू, तारखेसकट, आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार मध्ये येत असेल तर तो लाल शाईनं. आवाजाची तालीम निमंत्रणाआधी घेऊ, नंतर नाही. आम्ही पहिला कार्यक्रम तालमीसारखा वापरला आणि त्याचं मोल बापूंनी भरलं.

निवडलेल्या हुंकारकऱ्यांची कल्पना मी पूर्ण टाकून देणार नाही. चांगली एखादी आजी मिळाली तर ती चालते. पण आमचा मूळ प्रश्नच चुकीचा होता. साठ घरांचा हुंकार फोनमधून तिकडे कसा न्यायचा, यावर आम्ही तीन दिवस डोकं चालवलं. कथेजवळ ऐकणारी माणसं बसवायची, आणि दूरच्यांनी त्यांच्या मागे येऊन बसायचं, हे चुकलेल्या घड्याळानं दाखवलं.

पुढच्या वर्षी मंडळानं पुन्हा विचारलं तेव्हा बापूंनी बिदागी वाढवून मागितली नाही. अट एकच घातली: आधी अंगणात दहा माणसं बसतील, मग फोन लावायचा. बहिणीनं समितीपुढे मांडलेल्या खर्चाच्या यादीत माइक आणि बिदागीच्या खाली तेव्हापासून एक ओळ असते: अंगणातला चहा, पंधरा माणसं.